एकच फोटो, चार फोल्डर: हार्डलिंकने डिस्कवरची जागा कशी वाचवायची

बेळगावात लग्नाची कामं करणाऱ्या स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर एकेका लग्नाच्या फोल्डरात साधारण सारखीच मांडणी असते. 'सगळे फोटो', 'निवडलेले', 'अल्बम', 'लॅबला दिलेले'. समजा, एका लग्नात दोन हजार जेपीजी निघाले आणि एकेक दहा एमबीचा आहे. म्हणजे २० जीबी झाले. घरच्यांनी त्यातले ४०० निवडले, ते 'निवडलेले'मध्ये कॉपी झाले, म्हणजे आणखी ४ जीबी. तेच ४०० अल्बमवाल्याच्या सोयीसाठी 'अल्बम'मध्ये गेले, पुन्हा ४ जीबी. वीस जीबीचं लग्न अठ्ठावीसचं झालं आणि त्यातले आठ जीबी निव्वळ पुनरावृत्तीचे. तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंत अशी ५० लग्नं झाली तर ४०० जीबी नुसत्या दुबार प्रतींनी खाल्लेले असतात.

मंडळांची गोष्ट वेगळी नाही. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ मिरवणूक निघते. मोबाइलवर फोर-के व्हिडिओ घेतला तर मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी जातात, आणि एकच व्हिडिओ 'मिरवणूक', 'मंडळाचा चित्ररथ' आणि 'व्हॉट्सअॅपला टाकायचे' अशा तीन ठिकाणी पडून असतो. यावर नवी हार्डडिस्क विकत घेणे हा एक उपाय आहे. दुसरा उपाय फुकट आहे: फोल्डर जसेच्या तसे ठेवायचे, फाइलींची नावंही तीच ठेवायची, फक्त डिस्कवरची प्रत एकच ठेवायची. यालाच हार्डलिंक म्हणतात.

हार्डलिंक म्हणजे नेमकं काय

फाइलीचं नाव आणि फाइलीतला डेटा या डिस्कवर दोन वेगळ्या नोंदी असतात. शेतजमिनीच्या उताऱ्यासारखं समजा: सर्व्हे नंबर एकच आणि त्यावर दोन भावांची नावं. जमीन दुप्पट होत नाही, आणि एका भावाचं नाव कमी केलं म्हणून जमीन नाहीशीही होत नाही. प्रत्येक फाइलीला डिस्कवर असाच एक अंतर्गत नंबर असतो (लिनक्सवाले त्याला आयनोड म्हणतात) आणि फोल्डरातलं नाव त्या नंबराकडे बोट दाखवतं. एकाच नंबराकडे दोन, तीन किंवा तीनशे नावं बोट दाखवू शकतात. शेवटचं नाव पुसलं जातं तेव्हाच ती जागा मोकळी होते.

हा शॉर्टकट नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. शॉर्टकट मूळ फाइलीच्या पत्त्यावर अवलंबून असतो. मूळ फाइल हलवली की तो मेला. हार्डलिंकमध्ये मूळ आणि नक्कल असा भेदच उरत नाही. दोन्ही नावं समान हक्काची. 'सगळे फोटो' हा अख्खा फोल्डर पुसला तरी 'अल्बम'मधले ४०० फोटो शाबूत राहतात.

याच गुणातून तोटाही निघतो. डेटा एकच असल्यामुळे एका नावाने उघडून फाइल जागच्या जागी बदलली तर दुसऱ्या नावाखालीही बदललेलीच दिसते. म्हणून या सगळ्या कामाचा पाया एकच नियम: ज्या फाइली पुन्हा बदलायच्या नाहीत, त्यांनाच हार्डलिंक करा.

कुठे वापरायचं, कुठे हातही लावायचा नाही

कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो, रॉ फाइली, मिरवणुकीचे व्हिडिओ, भजनाची आणि नाटकांची ध्वनिमुद्रणं, जुन्या कागदांचे स्कॅन, पीडीएफ झालेली पुस्तकं. या पूर्ण झालेल्या वस्तू आहेत. इथे हार्डलिंक बिनधास्त करा.

पुढच्या ठिकाणी करू नका, आणि यामागचं कारणही समजून घ्या.

टॅली किंवा दुसऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. काल रात्री घेतलेला बॅकअप आणि आजचा चालू डेटा यांत काही फाइली तंतोतंत सारख्या असतात, त्यामुळे डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर त्यांची जोडी लावतं. तुम्ही हार्डलिंक केली, उद्या नोंदी झाल्या, सॉफ्टवेअरने जुनी फाइल जागच्या जागी बदलली, की बॅकअपसुद्धा त्याच क्षणी बदलला. बॅकअप फोल्डर दिसायला आहे, पण त्यात कालचं काही उरलेलं नाही. या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

चालू डिझाइन: फोटोशॉप, कोरलड्रॉ, पेजमेकरच्या फाइली, लग्नपत्रिकांचे साचे. 'पाटील पत्रिका' ही 'देसाई पत्रिका'वरून कॉपी करून सुरू केलेली असते आणि पहिला बदल होईपर्यंत दोन्ही फाइली सारख्याच असतात.

लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचे कॅटलॉग, ईमेलचा डेटा, कुठलाही डेटाबेस, आणि विंडोज किंवा प्रोग्राम फाइल्सचे फोल्डर. विंडोज स्वतःच्या फोल्डरात आधीपासूनच हार्डलिंक वापरते; तिथे तुमच्या मदतीची गरज नाही.

वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सशी जोडलेले फोल्डर. या सेवा हार्डलिंक ओळखत नाहीत. दोन नावं म्हणजे दोन फाइली धरून दोन्ही वर चढवतात, आणि खाली उतरवताना लिंक तोडतात. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा न सांगताच वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात, तेव्हा आधी ते तपासा.

आणखी एक. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ऑनलाइन सेंटरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत गिऱ्हाइकांचे आधार, जातीचे दाखले, उतारे यांचे स्कॅन ढिगाने साठलेले असतात. तिथे दुबार प्रती नक्की सापडतील, पण त्या जोडत बसू नका. काम झालं की ते स्कॅन पुसून टाकणं हेच योग्य आहे. लोकांची कागदपत्रं दुकानात कायमची ठेवायची वस्तू नव्हे.

सुरुवातीची तयारी

पहिलं, ड्राइव्हचा प्रकार बघा. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'फाइल सिस्टिम' समोर एनटीएफएस लिहिलेलं असेल तर काम होईल. एक्सफॅट किंवा फॅट-३२ असेल तर होणार नाही, कारण या दोन्ही प्रकारांत हार्डलिंकची सोयच नाही. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि पुष्कळशा बाहेरच्या हार्डडिस्क एक्सफॅट असतात. फॅट-३२ ड्राइव्ह विंडोजच्या कन्व्हर्ट या आज्ञेने डेटासकट एनटीएफएस करता येतो. एक्सफॅटला ती सवलत नाही, डेटा दुसरीकडे काढून फॉरमॅटच करावा लागतो. लिनक्सवर ईएक्सटी-४, एक्सएफएस, बीटीआरएफएस हे सगळे चालतात. मोबाइलच्या अंतर्गत साठ्यावर हे करता येत नाही. फोटो आधी कॉम्प्युटरवर घ्या.

दुसरं, हार्डलिंक एकाच ड्राइव्हच्या आत होते. डी आणि ई हे एकाच हार्डडिस्कचे दोन भाग असले तरी त्यांच्यात लिंक होत नाही, कारण प्रत्येक भागाची नोंदवही वेगळी. ज्या फोल्डरांच्या प्रती जुळवायच्या आहेत ते सगळे आधी एका ड्राइव्हवर आणा.

तिसरं, बॅकअप. सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर एकदा पूर्ण कॉपी करा, ती डिस्क काढून कपाटात ठेवा आणि मगच पुढे जा. हार्डलिंक केल्यावर त्या ड्राइव्हवर खरी प्रत एकच उरते. तिथला एक सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) खराब झाला की चारही फोल्डरांतला तो फोटो एकदम जातो. आजवर चुकून का होईना, चार प्रतींचं जे संरक्षण मिळत होतं, ते आपण जाणूनबुजून काढतो आहोत. म्हणून दुसऱ्या डिस्कवरची प्रत ही अट आहे, सल्ला नव्हे.

चौथं, वीज. पावसाळ्यात खानापूर भागात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर हे काम लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना करा. मध्येच बंद पडलं तर बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या फाइलीपुरताच गोंधळ होतो, पण ती फाइल कोणती हे शोधण्यात दिवस जातो.

आधी रिकाम्या फोल्डरात सराव

डी ड्राइव्हवर 'सराव' नावाचा फोल्डर करा. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून 'एक' नावाची टेक्स्ट फाइल त्यात ठेवा. आता कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून त्या फोल्डरात जा. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा; एका शब्दाची अक्षरं जोडून, दोन शब्दांमध्ये जागा सोडून. फाइलींची नावं मात्र ठेवली असतील तशीच.

आज्ञा अशी: एमकेलिंक, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि एच, मग नवं नाव, मग असलेलं नाव. म्हणजे 'एमकेलिंक /एच दोन.टीएक्सटी एक.टीएक्सटी'. नवं नाव आधी येतं, इथे हमखास चुकतं. उलट लिहिलं तरी नुकसान होत नाही. विंडोज नकार देते. लिनक्सवर नेमकं उलटं आहे: 'एलएन', मग असलेलं नाव, मग नवं नाव.

आता 'दोन' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एक ओळ वाढवा, सेव्ह करा, आणि 'एक' उघडा. तीच ओळ तिथे दिसेल. मग 'एक' पुसून टाका. 'दोन' जशीच्या तशी उघडेल. या दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खऱ्या फोटोंना हात लावू नका.

हाच प्रयोग वर्डच्या फाइलीवर केलात तर वेगळं दिसेल. वर्ड सेव्ह करताना सहसा आधी नवी तात्पुरती फाइल लिहितो आणि मग तिला जुन्या फाइलीचं नाव देतो. त्यामुळे लिंक तुटते: एका नावाखाली नवा मजकूर, दुसऱ्या नावाखाली जुना. म्हणजे काही सॉफ्टवेअर लिंक राखून सगळीकडे बदल करतात, काही लिंक तोडून एकाच ठिकाणी. तुमचं फोटो एडिटिंगचं किंवा एमपी-३ गाण्यांची माहिती भरण्याचं सॉफ्टवेअर यातलं कोणतं, ते असंच सरावाच्या फोल्डरात तपासा. लिंक शाबूत आहे का हे बघण्याची आज्ञा: 'एफएसयुटिल हार्डलिंक लिस्ट' आणि पुढे फाइलीचं नाव. त्या डेटाला जितकी नावं आहेत तितक्या ओळी छापून येतात. एकच ओळ आली तर लिंक नाही. नकार मिळाला तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

विंडोजवर खरं काम: ड्यूपगुरू

ड्यूपगुरू हे दुबार फाइली शोधणारं फुकट, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. नवख्यांना सांगायला हेच बरं, कारण कुठला फोल्डर 'मुख्य' धरायचा हे त्यात स्पष्ट सांगता येतं.

१. उघडल्यावर अॅप्लिकेशन मोड 'स्टँडर्ड' आणि स्कॅन टाइप 'कंटेंट्स' ठेवा. 'फाइलनेम' ठेवलंत तर नावावरून जोड्या लागतील, आणि कॅमेरे काही हजार फोटोंनंतर नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दोन वेगळ्या लग्नांतला 'आयएमजी ००२१' हा एकच फोटो नव्हे.

२. प्लसच्या बटणाने फोल्डर जोडा. पहिल्यांदा एकाच लग्नाचा फोल्डर घ्या, सगळा ड्राइव्ह नको.

३. यादीत प्रत्येक फोल्डरासमोर स्थिती निवडता येते: नॉर्मल, रेफरन्स, एक्सक्लूडेड. 'सगळे फोटो' हा रेफरन्स करा. त्यातल्या फाइलींना सॉफ्टवेअर कधीच हात लावत नाही, बाकीच्या ठिकाणच्या प्रती मात्र त्यांच्याशी जुळवल्या जातात. चालू कामाचे आणि डिझाइनचे फोल्डर एक्सक्लूडेड करा.

४. प्रेफरन्सेसमध्ये तीन गोष्टी बघा. लहान फाइली वगळण्याची मर्यादा मुळात १० केबी असते, ती १००० केबीच्या आसपास न्या. छोट्या फाइलींत जागा वाचत नाही, यादी मात्र हजारो ओळींनी फुगते. आधीच हार्डलिंक असलेल्या जोड्या वगळण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर पुढच्या खेपेला त्याच फाइली पुन्हा दिसत राहतील. मोठ्या फाइलींचा थोडाच भाग तपासण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. वेळ वाचतो खरा, पण दोन व्हिडिओ सारखेच आहेत याची खात्री अख्खी फाइल वाचल्याशिवाय होत नाही.

५. स्कॅन दाबा. आधी आकार जुळलेल्या फाइली निवडल्या जातात आणि फक्त त्यांचाच डेटा वाचला जातो. ५०० जीबी वाचायचे असतील तर साध्या अंतर्गत हार्डडिस्कला सव्वा तासाच्या आसपास लागतो. जुन्या यूएसबी-२ च्या केबलने जोडलेल्या डिस्कला चार तासांहून जास्त. ही ताटकळ केबलची असते, सॉफ्टवेअर अडकलं म्हणून मध्येच बंद करू नका.

६. निकाल वाचा. घाईत सगळ्यांवर खूण करू नका. आकाराच्या रकान्यावर क्लिक करून मोठ्या फाइली वर आणा, दहा-पंधरा जोड्या दोन्हीकडून उघडून बघा. नको त्या फोल्डरातलं काही आलं असेल तर मागे जाऊन तो फोल्डर वगळा आणि पुन्हा स्कॅन करा.

७. मग 'मार्क ऑल', आणि अॅक्शन्स मेनूतून निवडलेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये पाठवण्याचा पर्याय घ्या. जी खिडकी उघडते तिथेच खरं काम आहे: 'लिंक डिलीटेड फाइल्स' वर टिक करा आणि खाली सिमलिंक (शॉर्टकटसारखी, पत्त्यावर अवलंबून असलेली लिंक) नव्हे, हार्डलिंक निवडा. ही टिक लावायची राहून गेली तर सॉफ्टवेअर प्रती सरळ काढून टाकेल आणि 'अल्बम' फोल्डर रिकामा होईल. 'डायरेक्टली डिलीट' ची टिक पहिल्या खेपेला लावू नका.

हे सॉफ्टवेअर आधी प्रत हटवतं आणि मग तिच्या जागी लिंक तयार करतं. काही कारणाने, जसं की फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर असल्याने, लिंक झाली नाही तर त्या ठिकाणी काहीच उरत नाही. रिसायकल बिनमध्ये असेल तर परत आणता येतं. यासाठीच 'डायरेक्टली डिलीट' नको.

८. 'अल्बम' फोल्डर उघडा. फाइलींची संख्या आधीइतकीच आहे का बघा (ती आधी कागदावर लिहून ठेवा). चार-पाच फोटो उघडा. एखाद्यावर 'एफएसयुटिल हार्डलिंक लिस्ट' चालवा. आपल्या उदाहरणात तीन नावं यायला हवीत: 'सगळे फोटो', 'निवडलेले' आणि 'अल्बम'मधलं. सगळं ठीक असेल तरच रिसायकल बिन रिकामा करा. तोपर्यंत एक बाइटही मोकळा होत नाही, आणि नवखे इथेच 'जागा वाचली नाही' म्हणून गोंधळतात.

च्कावका हे दुसरं चांगलं सॉफ्टवेअर. वेगवान आहे, आणि त्यात हार्डलिंकचं बटण सरळ समोर असतं. एक फरक लक्षात ठेवा: त्यात गटातल्या किमान दोन फाइलींवर खूण लागते, त्यांतली पहिली मूळ धरली जाते आणि दुसरीपासून पुढच्या बदलल्या जातात. ड्यूपगुरूच्या सवयीने फक्त नकलेवर खूण केली तर तो गट सोडून दिला जातो. त्यात 'सारखे दिसणारे फोटो' शोधण्याचीही सोय आहे. त्या निकालावर हार्डलिंक कधीच करू नका. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो डोळ्याला तोच दिसतो, पण तो दाबून लहान केलेला असतो. लिंक चुकीच्या दिशेने झाली तर दहा एमबीचा मूळ फोटो जाऊन दोनशे केबीचा उरेल.

लिनक्सवर

उबुंटूवर आरडीफाइंड हे दुबार फाइली शोधणारं साधन बसवा. पहिल्यांदा रंगीत तालीम: 'आरडीफाइंड -ड्रायरन ट्रू -मेकहार्डलिंक्स ट्रू' आणि पुढे फोल्डरांची नावं. किती फाइली दुबार आहेत आणि किती जागा कमी होईल हे ते सांगतं, करत काहीच नाही. यादी 'रिझल्ट्स' नावाच्या टेक्स्ट फाइलीत मिळते, ती वाचा. आज्ञेत जो फोल्डर आधी लिहाल त्यातली फाइल मूळ धरली जाते, म्हणून 'सगळे फोटो' पहिला. समाधान झालं की ड्रायरनचा भाग काढून तीच आज्ञा पुन्हा द्या.

आरडीफाइंड चेकसमवर, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून काढलेल्या आकड्यावर विसंबतं. जेडुप्स हे दुसरं साधन शेवटी बाइट-बाइट ताडून बघतं, त्यात हार्डलिंकसाठी 'मोठा एल' हा पर्याय आहे. दोन्ही विश्वासाची.

तपासायला 'एलएस -एलआय'. पहिल्या रकान्यात आयनोडचा नंबर आणि परवानग्यांच्या पुढच्या रकान्यात नावांची संख्या. दोन ओळींत नंबर सारखा दिसला म्हणजे डेटा एकच. फाइलीचा मालक, परवानग्या, तारीख हे सगळं आयनोडशी बांधलेलं असतं, त्यामुळे लिंक केल्यावर दोन्ही नावांना एकच तारीख राहते. तारखेवरून फोटो लावण्याची सवय असेल तर हे आधी लक्षात घ्या.

बीटीआरएफएस किंवा नवा एक्सएफएस असेल तर हार्डलिंकऐवजी रीफ्लिंक घ्या. त्यात जागा तितकीच वाचते, पण एका फाइलीत बदल केला की फक्त बदललेला भाग वेगळा होतो आणि दुसरी फाइल तशीच राहते. कॉपी करताना 'सीपी --रीफ्लिंक=ऑटो' दिलं तरी पुरतं. मॅकच्या एपीएफएसमध्येही हीच सोय आहे आणि फाइंडरमधून एकाच ड्राइव्हवर कॉपी केली की ती आपोआप वापरली जाते.

कुठे अडतं

फोल्डरचा आकार कमी दिसत नाही. विंडोजच्या प्रॉपर्टीज प्रत्येक नाव वेगळं मोजतात, म्हणून २८ जीबीचं लग्न २८ जीबीचंच दिसत राहतं. आधी आणि नंतर ड्राइव्हची मोकळी जागा बघा, तोच खरा आकडा. लिनक्सवर 'डीयू' एका खेपेत प्रत्येक डेटा एकदाच मोजतं, त्यामुळे तिथे फरक लगेच दिसतो.

जागा करायला म्हणून जुना फोल्डर पुसला आणि काहीच मोकळं झालं नाही. त्या फोटोंची दुसरी नावं कुठेतरी जिवंत आहेत. एफएसयुटिलने शोधा.

एका नावाने फाइल बदलली, पण दुसऱ्या फोल्डरात आकार आणि तारीख जुनीच दिसते. एनटीएफएस दुसऱ्या नावाची नोंद लगेच ताजी करत नाही. फाइल उघडली की बरोबर दिसतं. डेटा बिघडलेला नाही.

एका फाइलीला एनटीएफएसवर मूळ नावाशिवाय १०२३ लिंका होतात. फोटोंच्या कामात ही मर्यादा येत नाही, पण प्रत्येक फोल्डरात पडलेला स्टुडिओचा लोगो किंवा वॉटरमार्क तिथवर जाऊ शकतो. असल्या छोट्या फाइली वगळलेल्याच बऱ्या.

दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना जागा पुरत नाही. हा धक्का मोठा असतो. ड्राइव्हवर ७०० जीबी भरलेले दिसतात, कॉपी मात्र ९५० जीबीची होते, कारण एक्सप्लोरर आणि रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करण्याची आज्ञा) दोघंही प्रत्येक नावाची वेगळी फाइल लिहितात. झिपही तेच करतं. लिनक्सवर 'आरसिंक -ए' ला 'मोठा एच' जोडला तर लिंका राखल्या जातात. टार आणि 'सीपी -ए' मुळातच राखतात. विंडोजवर सरळ मार्ग म्हणजे बॅकअपच्या डिस्कवर कॉपी झाल्यावर तिथे वेगळं स्कॅन चालवणं. त्यासाठी ती डिस्कही एनटीएफएस हवी आणि सुरुवातीला पूर्ण जागा हवी.

एखादा फोटो लिंकमधून सोडवायचा असेल, समजा 'अल्बम'मधल्या फोटोवर रंगाचं काम करायचं आहे, तर त्याच फोल्डरात कॉपी-पेस्ट करा, जुनं नाव पुसा आणि नव्या प्रतीला ते नाव द्या. एवढंच. रिटचिंग सुरू करण्याआधी अख्खा 'अल्बम' फोल्डरच असा सोडवून घेणं हा मात्र उलटा व्यवहार. अल्बमचं काम पूर्ण होऊन गिऱ्हाईक समाधानी झाल्यावर, म्हणजे फोल्डर कायमचा बंद करताना हार्डलिंक करा. तोवर आठ जीबी जाऊ द्या.

दोन भाषांतली नावं

आपल्या भागात हार्डलिंकचा आणखी एक उपयोग आहे. दुकानात अर्जांचे कोरे पीडीएफ असतात. कामाला असलेला एक मुलगा मराठी नावाने शोधतो, दुसरा कन्नड नावाने. 'मराठी' फोल्डरात 'उत्पन्नाचा दाखला अर्ज' आणि 'कन्नड' फोल्डरात तोच अर्ज कन्नड लिपीतल्या नावाने, असं एमकेलिंकने जोडून ठेवा. एकच फाइल दोन्ही ठिकाणी सापडते. मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या जुन्या स्कॅनलाही हे लागू: एक नाव सालानुसार, एक विषयानुसार, एक गावानुसार, मग ते येळ्ळूर असो की उचगाव.

नावं बेताची ठेवा. लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरी किंवा कन्नडचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. विंडोजवर नावाला अडचण कमी, पण फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या पुढे गेला की जुनी सॉफ्टवेअर फाइल उघडायला नकार देतात.

अर्जाचा नवा नमुना आला तर जुन्यावर नवा पेस्ट करू नका. दोन्ही फोल्डरांतली जुनी नावं पुसा, नवी फाइल एका ठिकाणी ठेवा, लिंक पुन्हा बनवा आणि एफएसयुटिलने दोन नावं येतात का बघा. एकच आलं तर एका मुलाच्या हातून अजून जुनाच अर्ज छापला जाईल आणि गिऱ्हाइकाला तालुक्याच्या ऑफिसातून हात हलवत परत यावं लागेल.